कचरागाडीतून धूर निघाला, आणि तो आमच्याच डब्यातून

ओटल्यावरची (सुदामा नगर, इंदूर) · रविवार, सकाळी १०.५२

आधीच सांगते, चूक आमच्या घरची आहे. त्यामुळे 'लोकांना अक्कलच नाही' छापाचे प्रतिसाद आले तर ते मी स्वतःवर घेणार आहे.

आज सव्वासातला नेहमीसारखं गाडीचं गाणं ऐकू आलं. मी ओला डबा घेऊन गेले, मागून सासूबाई सुका घेऊन आल्या. गाडीवरच्या मुलाने डबा उलटा केला, रिकामा करून परत दिला आणि सवयीप्रमाणे वर चढून पायाने कचरा दाबला. रविवारी कचरा जास्त असतो, दाबल्याशिवाय पुढच्या गल्लीचा मावत नाही. गाडी तीन घरं पुढे गेली असेल नसेल. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी फसफस होते ना, तसा आवाज आला आणि सुक्या कप्प्यातून पांढरा धूर. कागद जळाल्याचा असतो तसा नव्हता. दाट होता, वास गोडसर, नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा. मग एकदम जाळ.

ड्रायव्हर मुरलेला माणूस. त्याने गाडी मोकळ्या प्लॉटपाशी नेली आणि सगळा सुका कचरा तिथेच ओतला. पोराने फावड्याने ढीग पसरला, समोरच्या काकांनी बागेचा पाइप आणला. पाच मिनिटांत विझलं असं वाटलं आणि परत पेटलं. असं तीनदा झालं. शेवटी ढिगातून काळं चौकोनी काहीतरी निघालं ते मी लगेच ओळखलं, कारण त्यावर माझ्या लेकाने लावलेलं स्टिकर अर्धं शिल्लक होतं. आमची पॉवर बँक.

दिवाळीपासून ड्रॉवरमध्ये पडून होती. पुरीसारखी टम्म फुगलेली, एका बाजूने झाकण उघडं. जिथून घेतली त्या दुकानात मी ती परत द्यायला गेले होते. 'आम्ही विकतो, परत घेत नाही' असं ऐकून घरी आणली आणि पुन्हा ड्रॉवरमध्ये टाकली. काल सासूबाईंनी ड्रॉवर आवरला. प्लास्टिकच तर आहे म्हणून सुक्यात गेली. त्यांना काय बोलणार? मी तरी त्यांना कधी सांगितलं होतं?

गाडीवरच्या मुलाला फार लागलं नाही. पण त्याच्या चपलेचा तळ वितळून रस्त्याला चिकटला होता आणि तो एका पायावर उभा राहून ती ओढून काढत होता. सकाळपासून तेच डोळ्यांपुढे येतंय.

सहा प्रकारचा कचरा आम्हाला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. २०१७पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर मिरवतो आपण. मग मला कुणी सांगा, फुगलेली बॅटरी घरात असेल तर करायचं काय, आणि द्यायची कुणाला?


फक्त_पोहे · रविवार, सकाळी ११.२०

ताई, मुलगा बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. आमच्याकडे टीव्हीखाली 'नंतर बघू' नावाचा डबा आहे. दोन फोन, एक ट्रिमर, लेकीचं जुनं घड्याळ. आत्ता उठून बघतो.


जेलरोडवाला · रविवार, दुपारी १.०५

ताई, मी जेल रोडला मोबाइल दुरुस्तीचं काम करतो, बावीस वर्षं झाली. फुगलेली बॅटरी नाही असा आठवडा जात नाही. लोक हसत आणतात, 'भिया, जरा दाबून बसवून दे.' दाबून बसवायची वस्तू नाही ती. आत गॅस धरलेला असतो, पाकीट ताणलेलं असतं. एक गिऱ्हाईक घरून सुईने 'हवा काढून' घेऊन आला होता. त्याच्या अंगठ्यावर अजून डाग आहे.

माझ्या टेबलाखाली एक मोठी मातीची कुंडी आहे, निम्मी कोरड्या वाळूने भरलेली. फुगलेली बॅटरी फोनमधून निघाली की टोकांना चिकटपट्टी आणि थेट त्यात, वर आणखी वाळू. काढताना लोखंडी पटाशी वापरायची नाही, जुनं एटीएम कार्ड वापरायचं. पाकिटाला टोचलं की संपलं.

घरच्यांसाठी सांगतो. फुगलेली दिसली की त्या क्षणापासून चार्जिंग बंद, वापर बंद. 'आज संध्याकाळपुरतं चालवून घेऊ' हे नाही. गादी, उशी, पडदा, गॅसपासून लांब. कुंडीत कोरडी वाळू घालून ओट्यावर किंवा गॅलरीत सावलीत ठेवा. उन्हात नको, नौतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, तर मुळीच नको. पिशवीत इतर सामानाबरोबर टाकून स्कूटरच्या डिकीतून आणू नका. येताना फोन करून या म्हणजे मी कुंडी बाहेर काढून ठेवतो.

आणि फॉइलमध्ये गुंडाळू नका हो कुणी! परवा एक काकू पोळी गुंडाळतात तशी गुंडाळून घेऊन आल्या. फॉइल म्हणजे धातू. दोन्ही टोकं जोडलीत तुम्ही तिची.


निवृत्त_मास्तर · रविवार, सायंकाळी ६.४०

जेलरोडवाला भाऊंनी कृती चांगली सांगितली. थोडं कारण मी सांगतो, चाळीस वर्षं शिकवायची खोड जात नाही.

लिथियम-आयन सेल म्हणजे दोन लांब पट्ट्यांची गुंडाळी. एक तांब्याची, तिच्यावर ग्रॅफाइटचा थर. दुसरी अॅल्युमिनियमची, तिच्यावर कोबाल्ट, निकेल वगैरेंचं संयुग. दोघींच्या मध्ये प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा, साधारण २० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षा बराच पातळ. आणि हे सगळं ज्या द्रवात भिजलेलं असतं तो द्रव ज्वलनशील. ताईंना आलेला गोडसर वास त्याचाच.

आता यावर पाय पडला. पडदा फाटला, दोन्ही पट्ट्या एका टिकलीएवढ्या जागेत चिकटल्या. साठवलेली सगळी वीज त्या टिकलीतून वाहायला लागते. तिथलं तापमान वाढतं, १३० अंशांच्या आसपास उरलेला पडदाही वितळतो, म्हणजे आणखी जागा चिकटते, आणखी उष्णता. पुढे कोबाल्ट-निकेलच्या बाजूचं संयुग फुटून ऑक्सिजन सोडतं. जळायला द्रव आत, ऑक्सिजनही आत. म्हणून गोणपाट टाकून कोंडली तरी ती विझत नाही.

ताईंच्या पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलं असेल तर ती पूर्ण भरलेली असताना सुमारे ३७ वॅट-तास. म्हणजे चार कप चहाचं पाणी उकळेल एवढी उष्णता. ती एका मुठीत, काही सेकंदांत, वर त्या द्रवाच्या जळण्याची वेगळी.

तीनदा का पेटलं? आत एकाहून जास्त सेल असू शकतात. एक जळतो, त्याच्या उष्णतेने शेजारचा तापतो आणि थोड्या वेळाने तो जातो. जाळ विझवणं पुरेसं नाही, गार करत राहावं लागतं. म्हणून पाइपचं पाणी हेच बरोबर होतं. 'लिथियमवर पाणी टाकलं की स्फोट होतो' ही भीती शुद्ध लिथियम धातूच्या तुकड्याबद्दलची आहे. या सेलमध्ये लिथियम क्षार आणि आयनांच्या रूपात असतं. मात्र धूर हुंगू नये. त्यात हायड्रोजन फ्लोराइड असतो, तो फुप्फुसांना वाईट. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभं राहावं. घरात पेटलं तर वस्तू हातात धरून पळायची नाही, माणसं बाहेर काढून दार ओढून घ्यायचं आणि १०१.


माळव्याचा_मोर · रविवार, रात्री ८.१५

सगळं ठीक आहे, पण मला हे जरा जास्तच वाटून राहिलंय. आमच्या लहानपणी टॉर्चचे सेल सरळ उकिरड्यावर फेकायचो. कारची बॅटरी अंगणात महिनोन्महिने पडलेली असायची. काही पेटलं नाही. आता एक पॉवर बँक पेटली की लगेच प्रत्येक गोष्टीला घाबरायचं?


निवृत्त_मास्तर · रविवार, रात्री ९.०२

मोर साहेब, शंका रास्त आहे. टॉर्चचा सेल जस्त आणि मँगनीजचा, आतला द्रव पाण्याचा. गळेल, गंजेल, पेटणार नाही. कारची बॅटरी शिसं आणि गंधकाम्लाची, त्यातही पाणीच. लिथियम-आयन बाजारात आली १९९१मध्ये आणि आपल्या घरात ढिगाने आली ती गेल्या पंधरा वर्षांत. उकिरडा तोच आहे, फेकलेली वस्तू बदलली.

आकडा हवा असेल तर ब्रिटनमध्ये मे २०२४ला संपलेल्या एका वर्षात कचरागाड्यांत आणि कचरा केंद्रांत बॅटऱ्यांमुळे १,२००हून जास्त आगी मोजल्या गेल्या. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०१३ ते २०२० या काळातल्या ६४ केंद्रांवरच्या २४५ आगी नोंदवल्या आहेत. दोन्हीकडे कचऱ्यात चिरडली जाणारी छोटी बॅटरी हाच गुन्हेगार.


माळव्याचा_मोर · रविवार, रात्री ९.१०

बरं, मान्य. टॉर्चवाला मुद्दा मागे.


कॅप्सूल_नंबर_चार · रविवार, रात्री ११.४८

मी ट्रान्सफर स्टेशनवर काम केलंय, कंत्राटदाराकडे, साडेतीन वर्षं. आता दुसरीकडे आहे म्हणून लिहितो.

तुमच्या दारातली छोटी गाडी स्टेशनला येऊन रिकामी होते. तिथे मशीन कचरा दाबून मोठ्या बंद कॅप्सूलमध्ये भरतं, ते हुकलोडर उचलून देवगुराडियाच्या कचरा केंद्रावर नेतो. मुलाने पायाने दाबलं ते काहीच नाही. त्या मशीनचा दाब असा की प्लास्टिकची बादली पत्रा होऊन बाहेर येते. पॉवर बँक तिथे टिकत नाही.

ताई, तुमची गाडी रस्त्यात पेटली हे वाईट झालं, पण एका अर्थाने बरं झालं. दिसली, ओतता आली. आम्हाला भीती वाटायची ती न दिसणाऱ्या आगीची. कॅप्सूल बंद असतं. आत बॅटरी फुटते, आजूबाजूला कागद, पुठ्ठा, थर्माकोल. हवा कमी म्हणून जाळ होत नाही, नुसतं धुमसतं. पत्र्याला हात लावला की कळायचं. रंग फुगलेला, भाजी परतायच्या कढईसारखा तापलेला. उघडायचं की नाही यावर वाद व्हायचे, कारण उघडलं की हवा मिळते आणि भडका. मग दोन टँकर आले की उघडायचं.

त्यानंतर सुका कचरा पट्ट्यावर जातो. तिथे बायका हाताने निवडतात. त्यांचा हात आपल्या सगळ्यांच्या पुस्तकापेक्षा हुशार. खेळण्यातली गाडी उचलली आणि अंदाजापेक्षा जड लागली की त्या ती पट्ट्यावरून बाजूला काढतात. आत बॅटरी आहे हे वजनावरून कळतं. पण पट्टा थांबत नाही, सगळं नजरेत येत नाही.

पॉवर बँक आणि मोबाइल तरी ओळखू येतात. खरी डोकेदुखी लपलेल्यांची. लाइट गेल्यावरही चालू राहतो तो बल्ब. त्याच्या पोटात सेल असतो हे कुणाच्या ध्यानातही नसतं, लोक बल्ब म्हणून देतात. कानात घालायचे ते छोटे इअरबड, त्यांची डबी, गळ्यात अडकवायचा पंखा, बोलणारा पोपट, दिवाळीच्या चार्जिंगच्या पणत्या, ट्रिमर, दात घासायचा चालता ब्रश. दिवाळीनंतरचे पंधरा दिवस आमचा सुपरवायझर जेवायलाही स्टेशन सोडायचा नाही.


फक्त_पोहे · सोमवार, सकाळी ७.३०

'नंतर बघू' डबा उघडला. ट्रिमर फुगलाय. बल्बाचं वाचून स्टुलावर चढलो, घरात तसले चार निघाले. बायको म्हणते हा धागा वाचणं बंद कर आणि ऑफिसला जा.


बडोद्याहून · सोमवार, सकाळी ९.१२

नमस्कार, मूळ इंदूरचा, आता कारेलीबागेत. इथेही हाच प्रश्न आहे. मी एका व्हिडिओत बघितलं की बॅटरी मिठाच्या पाण्यात दोन-तीन दिवस बुडवून ठेवायची, सगळी वीज निघून जाते, मग बिनधास्त कचऱ्यात टाका. कुणी करून बघितलंय का?


जेलरोडवाला · सोमवार, सकाळी ११.३३

दादा, मी केलंय, म्हणून सांगतो करू नका. टोकं आधी गंजून झडतात. ती झडली की वीज आत तशीच राहते आणि मोजायला जागा उरत नाही. वरून मेलेली दिसते, आतून जिवंत. त्यापेक्षा वरून जिवंत दिसलेली परवडली.


निवृत्त_मास्तर · सोमवार, दुपारी १२.१०

शिवाय मिठाच्या पाण्यातून वीज गेली की एका टोकाला हायड्रोजन आणि दुसऱ्या टोकाला क्लोरिन सुटतो. ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नको. पुनर्वापराच्या कारखान्यात बॅटरीची वीज काढतात, पण ते काम यंत्रं आणि मोजमाप असलेल्या जागेचं. आणि समजा वीज पूर्ण निघाली, तरी कोबाल्ट, निकेल आणि तो द्रव कचऱ्यात गेलाच की.

घरी करण्यासारखं एवढंच: बॅटरी धडधाकट असेल, फक्त जुनी असेल, तर वस्तू बंद पडेपर्यंत वापरा आणि मग पुन्हा चार्ज न करता द्या. आत वीज कमी, तेवढा धोका कमी. फुगलेली, पिचकलेली, ओली झालेली असेल तर हेही नको. भाऊंची कुंडी.


बडोद्याहून · सोमवार, दुपारी १२.२५

आभारी आहे. बादली रिकामी करतो. (हो, भिजत घातली होती.)


जेलरोडवाला · सोमवार, दुपारी १२.३१

हातमोजे घालून काढा, वेगळी, उघड्यावर, वाळूत ठेवा. निदान दोन दिवस घरात आणू नका.


सराफा_रात्री_नऊनंतर · सोमवार, रात्री १०.२०

एक बाजू कुणीच बोलत नाहीये, म्हणून लिहितो. मोडीतल्या भावाची.

आमच्या गल्लीत अटालेवाला, म्हणजे भंगारवाला, येतो. ई-रिक्षाच्या शिशाच्या बॅटरीसाठी तो रविवारीही दार वाजवतो, कारण शिसं वजनावर विकलं जातं आणि नवी बॅटरी घेताना जुनीचे पैसे वजा होतात. म्हणून तुम्हाला शिशाची बॅटरी कधी कचऱ्यात दिसते का? नाही दिसत. लोभाने तिची सोय केली.

त्याच अटालेवाल्याला मी इअरबडची डबी दाखवली. त्याने ती उलटसुलट केली आणि परत दिली. 'इसमें क्या मिलेगा?' खरंच, एवढ्याशा सेलमध्ये त्याला काय मिळणार. जुन्या फोनच्या बॅटरीत कोबाल्ट असतं म्हणून तिला थोडा भाव येतो. पण आता बऱ्याच स्कूटर आणि इन्व्हर्टरमध्ये लोह-फॉस्फेटवाली बॅटरी येते, तिच्यात कोबाल्ट नाही, निकेलही नाही. ती सहजासहजी भडकत नाही, हा तिचा गुण, पण मोडीत तिला विचारतं कोण? ज्याला भाव नाही ते कचऱ्यात जाणार. सासूबाईंचा यात काय दोष.


नियमावली · सोमवार, रात्री ११.०५

भावाच्या मुद्द्याला जोडून. २००१चे बॅटरी नियम होते ते फक्त शिशाच्या बॅटरीचे. लिथियमसाठी देशात वेगळा नियम यायला ऑगस्ट २०२२ उजाडलं, बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२. त्यात भार टाकलाय उत्पादकावर: जो बॅटरी बनवतो किंवा आयात करतो त्यानेच जुन्या गोळा करून नोंदणी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्याकडे पोहोचवायच्या. त्यांची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर होते.

म्हणजे ताई, तुमच्या दुकानदाराने हात झटकले ते बरोबर की चूक, हे त्या कंपनीने त्याला गोळा करायला नेमलंय की नाही यावर ठरेल. पण कंपनीला तुम्ही विचारू शकता. वेष्टणावर किंवा संकेतस्थळावर जुनी बॅटरी कुठे द्यायची ते बघा.

आणि आपल्यावरही ओळ आहेच त्यात. वापरणाऱ्याने बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवायची आणि गोळा करणाऱ्याकडे द्यायची. बॅटरीवर चाकांच्या डब्यावर फुली मारलेलं चित्र असतं ना, त्याचा अर्थ तोच. घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांतही घरगुती घातक कचऱ्याच्या यादीत ट्यूबलाइट, थर्मामीटर, सुया यांच्या शेजारी वापरलेल्या बॅटऱ्या होत्या.

इंदूरपुरतं: गाडीवर घातक कचऱ्याची आणि ई-कचऱ्याची जागा वेगळी आहे. तक्रार किंवा विचारणा महापालिकेच्या ३११ अॅपवर टाका, नोंद राहते.


ओटल्यावरची · मंगळवार, सकाळी ८.०५

वेगळी जागा आहे, पण आपण देतो कशी? डबा ओट्यावर ठेवतो आणि आत निघून जातो. मुलाला काय कळणार त्यात काय आहे. आज मी दारात उभी राहिले आणि आमचा जुना ट्रिमर त्याच्या हातात दिला. 'बॅटरी है इसमें' म्हटलं. त्याने तो वेगळा, पुढे ड्रायव्हरपाशी ठेवला.


कॅप्सूल_नंबर_चार · मंगळवार, सकाळी ८.४०

हेच. हातात द्या आणि तोंडाने सांगा. यापेक्षा मोठी यंत्रणा अजून निघालेली नाही.


चिमणीची_आई · मंगळवार, दुपारी ३.१७

थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पट्टीचा विषय निघालाय तर बटण सेलला आधी लावा. वजनकाट्यात, रिमोटमध्ये, गाणाऱ्या ग्रीटिंगमध्ये असतो तो, रुपयाच्या नाण्यासारखा. त्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. नेमका लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकेल असा.

आमच्या चिमणीने गिळला होता. 'संपलेला' सेल होता, काटा चालत नव्हता म्हणून मीच काढून टेबलावर ठेवलेला. डॉक्टर म्हणाले, काट्याला पुरत नाही एवढी वीज घशाला पुरते. ओल्या जागी तो दोन तासांत भाजायला लागतो. आमचं नशीब, तासाभरात दुर्बिणीने निघाला. कुणाच्या घरी असं झालं तर शौचातून पडेल म्हणून वाट बघू नका. सरळ मोठ्या दवाखान्यात, एक्स-रे.

तेव्हापासून नवा सेल घालायच्या आधी जुन्याला दोन्ही बाजूंनी पट्टी. मगच टेबलावर.


माळव्याचा_मोर · मंगळवार, दुपारी ४.०२

बापरे. घरी नातू येतोय शनिवारी. आईच्या वेळचा एक स्टीलचा डबा आहे कपाटात, सगळे जुने सेल, टाचण्या, नाणी, किल्ल्या एकत्र. आता तोही काढतो.


निवृत्त_मास्तर · मंगळवार, दुपारी ४.२०

मोर साहेब, तो डबा हलवू नका, सावकाश उघडा. नाण्याने दोन टोकं जोडली गेली तर चौकोनी नऊ व्होल्टचा सेलसुद्धा बारीक तारेला लाल करतो. लाकडी चमच्याने एकेक बाजूला काढा, प्रत्येकाच्या टोकांना पट्टी, मग प्लास्टिकच्या बरणीत. साधी पारदर्शक चिकटपट्टी चालते.


ओटल्यावरची · तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १२.३०

धागा वर काढते आहे, कारण बऱ्याच जणांनी निरोपात विचारलं पुढे काय झालं.

गल्लीतल्या पंधरा घरांनी मिळून कोपऱ्यावरच्या काकांच्या ओट्यावर सोय केली. आमची लोणच्याची जुनी मोठी प्लास्टिकची बरणी, तिला दोरीने चिकटपट्टीचं रीळ बांधलंय. शेजारी छपराखाली वाळूची कुंडी, ती फक्त फुगलेल्यांसाठी. बरणी स्टीलची घ्यायची की काचेची यावर पाऊण तास सभा झाली. एवढा वेळ आमच्याकडे गणपतीच्या वर्गणीवरही लागत नाही.

पहिल्या आठवड्यात बरणीत काय पडलं ते मी लिहून ठेवलं. फोनच्या बॅटऱ्या अकरा. पोहेवाल्यांसारखे बल्ब नऊ (ते बरणीत मावत नाहीत, खोक्यात ठेवले). इअरबडच्या डब्या सहा, त्यातल्या चार आमच्याच घरच्या, लेकाला विचारायचं बाकी आहे. आजोबांच्या कानातल्या यंत्राचे सेल मूठभर. ते लिथियमचे नाहीत, जस्ताचे असतात असं मास्तरांनी सांगितलं, तरी पट्टी लावून ठेवले. आणि एक बोलणारा पोपट. तो बंद पडलाय म्हणून टाकलेला. तिसऱ्या रात्री मांजराचा धक्का लागला असेल, दीड वाजता बरणीतून जोरजोरात पोपट बोलायला लागला. काका काठी घेऊन बाहेर. दुसऱ्या दिवसापासून 'बंद पडलेली वस्तू म्हणजे रिकामी वस्तू' असं गल्लीत कुणी म्हणत नाही.

कुंडीत तीन वस्तू आल्या. एक आमच्या समोरच्यांची पॉवर बँक, आमच्याच सारखी. ती त्यांच्या पोराच्या उशीखाली असायची रोज रात्री.

महिन्यातून एकदा बरणी ई-कचऱ्यात द्यायची असं पालिकेच्या झोनच्या दरोगाशी, म्हणजे सफाई मुकादमाशी, बोलणं झालंय. कुंडीतल्या तीन जेलरोडवाल्या भाऊंनी स्वतः येऊन नेल्या, चहाही न घेता.

गाडीवरच्या मुलाला मी नवी चप्पल दिली. त्याने ती घेतली, पण अजून घातलेली दिसली नाही. म्हणतो लग्नाला घालीन. आता रोज गाडी थांबली की डबा घ्यायच्या आधी तोच विचारतो, 'आंटी, फूला हुआ कुछ है क्या?' सासूबाई आतून ओरडून उत्तर देतात.


फक्त_पोहे · रविवार, दुपारी १२.५८

एक शंका. डास मारायची चार्जिंगची रॅकेट कशात? स्क्रू काढून आतली बॅटरी वेगळी करू का?


जेलरोडवाला · रविवार, दुपारी १.१०

अजिबात उघडू नका. काहींत शिशाची छोटी बॅटरी असते, काहींत लिथियम, बाहेरून कळत नाही, आणि जाळीला झटका असतो तो वेगळाच. अख्खी द्या.


फक्त_पोहे · रविवार, दुपारी १.१४

उघडली होती. झटका बसला. अख्खी देतो.